५१२ चा नादकाटा, वाचनं दोन आणि वेग तीन. खरा कोणता धरायचा?

विज्ञानशिक्षक_दारव्हा

नमस्कार मंडळी. नववीच्या ध्वनीच्या पाठासाठी अनुनाद नळी शाळेतच जोडली. सामान असं: दोन इंची पीव्हीसी पाइप, लांबी एक मीटर, आतला व्यास ४.६ सेंमी, पाण्याने काठोकाठ भरलेला निळा ड्रम, ५१२ हर्ट्झचा नादकाटा, स्टीलची पट्टी. पाइप जवळजवळ पूर्ण पाण्यात बुडवायचा, तोंडावर वाजता काटा धरायचा आणि दोन्ही मिळून हळूहळू वर उचलायचं. आवाज एकदम भरून येतो अशा दोन जागा सापडल्या. पाण्यावर असलेला पाइप पहिल्या जागी १६.० सेंमी, दुसऱ्या जागी ५०.६ सेंमी. प्रत्येक वाचन पाच वेळा घेतलं, दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक नाही. वर्गात तापमान ४० अंश.

आता घोळ बघा. पहिली लांबी म्हणजे तरंगलांबीचा चौथा भाग धरला तर वेग येतो ३२८ मीटर प्रति सेकंद. दुसरी लांबी म्हणजे पाऊण तरंगलांबी धरली तर ३४५. दोन्हींची वजाबाकी करून अर्धी तरंगलांबी धरली तर ३५४. पुस्तकात ३४४ दिलाय. सहकारी म्हणतात, ३४५ पुस्तकाच्या जवळ आहे, तोच फळ्यावर लिहा आणि मोकळे व्हा. मला ते पटत नाही, पण खोडताही येत नाही.

सोबत आणखी दोन शंका. गावातल्या डीपीची, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची, गुणगुण मोबाइलच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपवर १०५ हर्ट्झ दिसते. वीज तर ५० ची असते ना? आणि मुलांचं ठाम मत आहे की डीजेचा आवाज मोठा, म्हणजे त्याची वारंवारिता जास्त. वर तो डीजे छातीत धडधडतो तरी अ‍ॅपवर आकडा ७८ डेसिबलच्या वर जात नाही. हे मुलांना नीट कसं समजवायचं?

नादमापक_अमरावती

सर, ३५४ बरोबर आहे. ३४५ पुस्तकाशी जुळला तो योगायोगाने; दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्यात.

पहिली चूक नळीच्या तोंडाची. हवेचं कंपन पाइपच्या काठावर येऊन कापल्यासारखं थांबत नाही, काठाबाहेरही थोडं पसरतं. म्हणून नळी तिच्या मोजलेल्या लांबीपेक्षा जरा लांब असल्यासारखी वागते. ही जास्तीची लांबी आतल्या व्यासाच्या साधारण ०.३ पट असते. तुमच्या पाइपसाठी ४.६ × ०.३, म्हणजे १.४ सेंमी. म्हणजे खरी चौथाई १६.० नसून १७.४ आहे. पहिल्या वाचनात ही १.४ सेंमीची तूट १६ वर पडते, म्हणून वेग फार खाली येतो. दुसऱ्या वाचनात तीच तूट ५०.६ वर पडते, म्हणून कमी जाणवते, पण असते. वजाबाकी केली की दोन्हीकडची तूट उडून जाते: ५०.६ − १६.० = ३४.६ सेंमी, ही अर्धी तरंगलांबी. पूर्ण ६९.२ सेंमी. गुणिले ५१२, झाले ३५४.

तूट किती होती हे तुमच्याच आकड्यांतून निघतं, व्यासही मोजायला नको. दुसऱ्या वाचनातून पहिल्याची तिप्पट वजा करा आणि निम्मं करा: (५०.६ − ४८.०) ÷ २ = १.३ सेंमी. अपेक्षा १.४ ची होती. ड्रम आणि पीव्हीसीवर हे वाचन फार चांगलं आलंय.

दुसरी चूक पुस्तकातल्या आकड्याची, म्हणजे तो आकडा आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये जसाच्या तसा वापरण्याची. ३४४ हा २२ अंशांचा वेग आहे. साध्या कामाला ३३१ + ०.६ × तापमान एवढं सूत्र पुरतं. २२ अंशांना ३४४, ४० अंशांना ३५५, मे महिन्यात पारा ४५ वर गेला की ३५८. डिसेंबरात पहाटे १० अंश असतील तर ३३७. विदर्भातल्या शाळेने वर्षभर ३४४ च लिहायचं म्हणजे थंडीत आणि उन्हाळ्यात वेगळं येणारं उत्तर दरवेळी चूक ठरवायचं.

आता मुलांना सांगायचा खरा मुद्दा. वारंवारिता, तरंगलांबी आणि वेग ही तीन नावं मुलं पाठ करतात, गुणाकाराचं सूत्रही लिहितात. यातलं कोण कोणाला ठरवतं हे मात्र कुणी विचारत नाही. काटा सेकंदाला ५१२ वेळा हलतो; हवा गरम असो की गार, तो तेवढाच हलणार. म्हणजे वारंवारिता ठरवतो आवाज काढणारा. वेग ठरवते हवा, आणि हवेत मुख्यतः तिचं तापमान. तरंगलांबीला स्वतःचं मत नाही, पहिल्या दोघांच्या भागाकारातून जी येईल ती. वर्ग तापला की काटा तोच राहतो, वेग वाढतो, म्हणून तरंगलांबी ताणली जाते आणि तुम्हाला पाइप जास्त उचलावा लागतो. नळीचा प्रयोग हे दाखवायलाच आहे.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. ५१२ च्या काट्याला लांबीच्या फरकातली एक मिलिमीटरची चूक म्हणजे वेगात जवळपास १ मीटरची चूक, म्हणून पट्टी पाइपला चिकटपट्टीने पक्की लावा, हाताने धरू नका. आणि तापमान टेबलावरचं नको, नळीतलं हवं. ड्रममध्ये रात्रीचं गार पाणी असेल तर नळीतली हवा वर्गापेक्षा दोन-चार अंशांनी थंड असते. थर्मामीटर दोऱ्याला बांधून पाण्याला न टेकता आत सोडा.

वऱ्हाडी_जुगाड

ड्रम नसन तर बादलीवर हा प्रयोग करू नका, पोट्टे उगाच हिरमुसतात. बादली फार तर फूटभर खोल. पाइप एक मीटरचा राहिला तर बाहेर कमीत कमी सत्तर सेंमी उरते, मंग १६ सेंमीवाली पहिली जागा येईनच कशी? पाइप कापून लहान केला तर दुसरी जागा हातची जाते. चार इंची पाइपचा मीटरभर तुकडा घ्या, खालून टोपी सोल्युशन लावून बसवा, एक रात्र वाळू द्या, मंग पाणी भरा. उभा ठेवाले विटायचा आधार द्या. दोन इंची पाइप त्यात आरामात वर-खाली होते.

अन् काटा टेबलावर आपटू नका. टेबलावर आपटला की आधी एक चिरका आवाज येते, तो मूळ सुराच्या सहा पटीच्या वरचा असते, कानाले फसवते. रबरी चपलेच्या टाचेवर हळूच मारा. काटा पाइपच्या तोंडावर असा धरा का त्याच्या पात्या वर-खाली हलल्या पाहिजेत, आडव्या नाही. कानाजवळ काटा देठावर गोल फिरवून पाहा, एका फेरीत चार जागी आवाज गायब होते. त्या कोनात धरला तर नळीबी मुकी राहते अन् माणूस म्हणते पाइप खराब हाये.

लाइनवाला_वर्धा

डीपीचं उत्तर मी देतो. वीज ५० हर्ट्झचीच आहे, पण ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या पत्र्यांना चुंबकत्वाची दिशा कळत नाही, जोर तेवढा कळतो. एका फेऱ्यात प्रवाह दोनदा जोरावर येतो, एकदा इकडून, एकदा तिकडून. पत्रे दोन्ही वेळा ताणतात. म्हणून गुणगुण दुप्पट, १०० हर्ट्झची. स्पेक्ट्रमवर २०० आणि ३०० वरही छोटे सुळके दिसतील.

मग १०५ का? डीपीत काही बिघडलेलं नाही, अ‍ॅप ढोबळ मोजतंय. फोन सेकंदाला ४८,००० नमुने घेतो. अ‍ॅप एका वेळी त्यातले ४,०९६ घेत असेल तर वारंवारितेची पट्टी ११.७ हर्ट्झच्या खणांत विभागली जाते. ९३.७ चा एक खण, पुढचा थेट १०५.५ चा. १०० ला स्वतःचा खणच नाही, म्हणून तो शेजारच्या जवळच्या खणात जाऊन बसतो. सेटिंगमध्ये नमुन्यांची संख्या ३२,७६८ करा, खण दीड हर्ट्झचा होईल आणि आकडा ९९.६ दिसेल. बदल्यात अ‍ॅप हळू चालेल, कारण प्रत्येक आकड्यासाठी त्याला पाऊण सेकंद ऐकत बसावं लागतं. बारीक मोजायचं तर जास्त वेळ ऐकावंच लागतं.

आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं अ‍ॅप फुकट मिळतं. त्यात एकाच सुराची वारंवारिता काढायला स्पेक्ट्रमऐवजी ऑटोकोरिलेशनचा प्रयोग उघडा, तो जास्त नेमका आकडा देतो. आणि डीपीची गुणगुण कुंपणाबाहेर उभं राहूनच मोजायची. मुलांना तर दहा फूट आधीच थांबवा. फोनला तिथूनही पुरेसं ऐकू येतं, विशेषतः सायंकाळी लोड असताना.

पेटी_बासरी

नादमापकांच्या मुद्द्याची दुसरी बाजू भजनी मंडळात बघायला मिळते. काट्यात वारंवारिता पक्की आणि तरंगलांबी हलते. बासरीत उलट आहे: नळीची लांबी ठरलेली, म्हणजे तरंगलांबी जवळजवळ बांधलेली. हवा तापली, वेग वाढला, आता वाढायला उरली फक्त वारंवारिता. २५ अंशांना पेटीशी जुळवलेली बासरी ४३ अंशांना जवळपास तीन टक्के चढते. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंत, म्हणजे पांढरीपासून शेजारच्या काळीपर्यंत, अंतर सहा टक्क्यांचं असतं. म्हणजे अर्धी पायरी बेसूर! पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे, ते तापमानाने एवढे हलत नाहीत. मंडपात दुपारच्या भजनाला बासरीवाल्याला नावं ठेवण्याआधी थर्मामीटर बघावा.

वर्गात पेटी असेल तर मोजायला ती उत्तम. मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा, ४४० च्या आसपास आकडा यायला हवा. वरच्या सप्तकातली तीच पट्टी ८८०. मुलांना ऐकू येतं 'तोच सूर, पण वरचा', आणि अ‍ॅप दाखवतं बरोबर दुप्पट. मग भाता जोरात मारा, आवाज वाढेल, ४४० जवळपास तिथेच राहील. 'मोठा म्हणजे जास्त वारंवारिता' हा गैरसमज तिथल्या तिथे मोडतो. खंजिरीवर मात्र हे दाखवू नका. जोराची थाप पडली की कातडं क्षणभर जास्त ताणलं जातं आणि सूर सुरुवातीला खरंच थोडा चढतो, मग खाली बसतो. मुलं नेमकं तेच पकडतील.

नादमापक_अमरावती

डीजेचं राहिलं होतं.

मोठेपणा मोजायचा तो हवेच्या दाबातल्या चढ-उतारावरून. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल. ९४ डेसिबलचा आवाज, म्हणजे कानाला नकोसा, त्या दाबात फक्त १ पास्कलची हालचाल करतो. लाखात एक. आणि कानाला जेमतेम कळणारा आवाज २० मायक्रोपास्कलचा, त्याच्याही पन्नास हजारावा भाग. एवढा मोठा पल्ला साध्या आकड्यांत मांडता येत नाही, म्हणून डेसिबलची गुणाकाराची पट्टी. तिच्यावर साधी बेरीज चालत नाही. एक चक्की ८० डेसिबल असेल तर तशाच दोन चक्क्या मिळून १६० होत नाहीत, ८३ होतात. दहा चक्क्या ९०. आणि कानाला ८० पेक्षा ९० साधारण दुप्पट मोठा वाटतो, दहापट नाही.

तुमच्या ७८ चं कारण वेगळं आहे. बहुतेक अ‍ॅप आणि मीटर माणसाच्या कानासारखा हिशेब करतात, त्याला ए-भारण म्हणतात. कान खर्जाला बहिरा, म्हणून मीटरही खर्ज कापतो: १०० हर्ट्झला १९ डेसिबल, ६३ हर्ट्झला २६, ५० हर्ट्झला ३०. डीजेचा ढोल ६३ हर्ट्झवर १०० डेसिबलने वाजत असेल तर त्याचा वाटा मीटरवर ७४ च दिसतो. छातीला मात्र पूर्ण १०० लागतात, खिडकीच्या तावदानालाही. शिवाय फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला. खर्ज तो आधीच कमी घेतो आणि फार मोठा आवाज आला की सपाट होतो. म्हणून फोनवरचा एकटा आकडा खरा मानू नका. त्याच फोनवरच्या दोन आकड्यांतला फरक बराच विश्वासाचा असतो.

तो फरक मोजायचा एक प्रयोग: मोकळ्या शेतात, वारा नसताना, डिझेल इंजिनपासून ५ मीटरवर वाचन घ्या, मग १० वर, मग २०. प्रत्येक दुपटीला साधारण ६ डेसिबल कमी व्हायला हवेत. भिंतीजवळ किंवा वर्गात हे जुळत नाही, कारण परतलेला आवाज मिसळतो. आणि दुपारच्या उन्हाळी वाऱ्यात माइकवर नुसता फरफराट येतो, त्याचेच ७० डेसिबल दिसतात. सकाळी आठच्या आत उरका.

रात्री दूरच्या गावातून डीजेचा फक्त धम-धम ऐकू येतो, गाणं कळत नाही, तेही तरंगलांबीचंच काम. ६० हर्ट्झची लांबी जवळपास ६ मीटर, घरं-झाडं तिला अडवत नाहीत, ती वळसा घालते. ३,००० हर्ट्झची लांबी १२ सेंमीच्या आत. ती भिंतीमागे अडते आणि वाटेत हवाही तिला जास्त शोषते.

नियमांबद्दल कुणी विचारेल म्हणून: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. ही सरासरी पातळी ए-भारणाचीच आहे. खर्जाची तक्रार आकड्यात का उतरत नाही ते यावरून कळावं.

सोयाबीन_आणि_सायन्स

मध्येच विचारतो. चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंटवर प्रतिध्वनी येतात. तिथे अकराशे मीटर उंचीवर हवा विरळ, म्हणजे आवाजाचा वेगही कमी धरायचा ना?

नादमापक_अमरावती

विरळ असल्यामुळे नाही. उंचीवर दाब कमी होतो तशी घनताही त्याच प्रमाणात कमी होते आणि वेगात येतो तो या दोघांचा भागाकार. तिथे वेग कमी असतो तो फक्त थंड असल्यामुळे. चिखलदऱ्यात २२ आणि अमरावतीत ३२ अंश असतील तर फरक ६ मीटरचा, आणि तो सगळा तापमानाचा.

वऱ्हाडी_जुगाड

प्रतिध्वनीचा विषय निघाला तर काटा-पाइप काहीच नसलेल्या शाळेसाठी सांगतो. जिनिंगची नाहीतर गोदामाची लांब कोरी भित पाहा. तिच्यापासून टेपने ५० मीटर मोजा. टाळी वाजवा, भितीवरून परत येते. आता टाळ्यायचा ठेका असा धरा का परतीची टाळी तुमच्या दोन टाळ्यायच्या बरोबर मधात पडली पाहिजे. ठेका बसला की घड्याळ चालू. तेवढ्या एका ठेक्यात आवाज २०० मीटर चालला असता. २० ठेके मोजा. ४० अंशाले सव्वाअकरा सेकंद लागतात, थंडीत सकाळी पावणेबारा-बारा.

चूक कुठं होते? घड्याळ चालू करताना पोट्टे 'एक' म्हणतात. 'शून्य' म्हणाले पाहिजे. नाहीतर २० टाळ्यायत १९च ठेके होतात अन् वेग पाच टक्क्यानं वाढून बसते. ३५५ च्या जागी ३७४ आला तर समजून जा का मोजणारा एकपासून मोजत होता. दुसरं, भित १७ मीटरच्या आत असली तर परतीचा आवाज मूळ आवाजात मिसळते, कानाले वेगळा येत नाही. विहिरीतबी हेच होते. चहूकडून भिती, नुसता घुमते, मोजता येत नाही.

विज्ञानशिक्षक_दारव्हा

सगळ्यांचे आभार. आज थर्मामीटर नळीत सोडला. वर्गात ४०, नळीत ३७. म्हणजे अपेक्षा ३५३, आणि आपलं वाचन ३५४. सहकाऱ्यांना १.३ सेंमीचं गणित दाखवलं, ३४५ फळ्यावरून पुसला. नमुने वाढवल्यावर डीपीही ९९.६ वर आली.

उद्या मुलांकडून ४८० चा काटा लावून घेणार आहे. आकडा आधी फळ्यावर लिहून मग पाइप उचलायचा विचार आहे. किती लिहू?

नादमापक_अमरावती

नळीत ३७ अंशच असतील तर ३५३ भागिले ४८०, तरंगलांबी ७३.५ सेंमी. चौथाई १८.४, त्यातून तोंडाचे १.४ वजा: पहिली जागा १७.०. दुसरी ५५.२ वजा १.४, म्हणजे ५३.८. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. सेंमीभर चुकलं तर मुलांना बोलण्याआधी काट्याच्या देठावरचा आकडा वाचा. संचात ५१२ आणि ४८० शेजारी असतात आणि दिसायला सारखेच.